द्वादशीची पिवळी भाजी

आमच्या मजल्यावर कोणाचं काही बिनसलं की समोरच्या घरात कुकर चढतो आणि त्यात बटाटे असतात. कोणाची मुलगी नापास झाली, बटाटेवडे. नवरा-बायकोचं वाजलं, काचऱ्या, आणि त्याही करपवलेल्या, कुरकुरीत. आमचे हे गेले तेव्हा दिवसकार्य होईपर्यंत नातेवाइकांचा पिठलं-भात येत होता, तो मी नुसता चिवडला. सगळे आपापल्या घरी गेल्यावर समोरची दर्शना बटाट्याचा रस्सा घेऊन आली, पुढ्यात बसली आणि म्हणाली, "रडायचंय ते नंतर रड. आधी गरम आहे तोवर खा." मी खाल्लं. अशी बाई आहे ती. तोंड कमी चालतं, हात जास्त.

मी शुभा, तिची समोरची शेजारीण. मुलुंड पूर्वेची आमची ही जुनी सोसायटी, तिसरा मजला, दाराला दार. मला गोड बोलता येत नाही, तेव्हा सरळच सांगते. या बाईवर अशी वेळ आली की स्वतःच्या सासूला तिला बटाटा द्यायची चोरी झाली, आणि सासू तर बटाट्याशिवाय दुसऱ्या कशाला तोंड लावायला तयार नाही. जीव जायची पाळी आली होती त्यात.

दर्शना माहेरची पार्ल्याची. लग्न होऊन आली तेव्हा तिला चहासुद्धा धड जमत नव्हता. तिला शिकवलं ते सासूने, नीलाकाकूंनी. काकू खडूस, पण शिकवायला पक्क्या. पहिल्यांदा काय शिकवलं, तर उपासाची बटाट्याची भाजी. उकडलेला बटाटा तळहातावर धरून सुरीने फोडी करायच्या, विळी नाही, पाट नाही. साजूक तुपात जिरं, मिरची, वरून दाण्याचं कूट, चिमूटभर साखर. आणि हळद नाही. "हळद पडली की उपास मोडला," काकू सांगायच्या, "पांढरी भाजी उपासाची, पिवळी नैवेद्याची." ही दोन भांडी त्या ओट्यावरसुद्धा शेजारी ठेवू द्यायच्या नाहीत.

मग काकू विसरायला लागल्या. आधी चष्मा, मग नावं, मग गॅस. एक दिवस सकाळी उठल्या आणि म्हणाल्या, आज माझी एकादशी. दर्शनाने पांढरी भाजी केली. दुसऱ्या दिवशी परत एकादशी. तिसऱ्या दिवशीही. तारीख पुढे सरकायचं नावच घेईना. पोळी दाखवली तर काकू हात मागे घ्यायच्या, वरण पाहिलं तर तोंड फिरवायच्या. साबुदाणा घशात अडकून ठसका लागायचा, म्हणून तो डॉक्टरांनीच बंद केला होता. भगर त्या गालात धरून बसायच्या, गिळायच्या नाहीत. राहिला बटाटा.

आणि काय काय केलं बाईने त्या बटाट्याचं. कीस केला, थालीपीठ केलं, ताकातली भाजी केली, दुधात शिजवून खीर केली. आम्ही हसायचो सुद्धा. मी म्हणायचे, "दर्शना, तुझ्या घरी विठोबा राहायला आलाय का गं, रोजची एकादशी?" ती म्हणायची, "येऊ दे, त्यालाही कीस देते."

हसणं बंद झालं ते रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा. काकूंच्या किडन्या थकल्या होत्या आणि अंगात पोटॅशियम वाढत होतं. डॉक्टर चांगले, समजावून सांगणारे. ते म्हणाले, बटाटा आणि शेंगदाणा यांच्यातच ते भरपूर असतं, आणि फार वाढलं तर हृदय बसल्या जागी थांबू शकतं. भात द्या, पोळी द्या, बेताचं वरण द्या. बटाटा अगदीच हवा तर सोलून, पातळ कापून, भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी फेकून द्या, आणि तोही चवीपुरता.

दर्शनाचा नवरा नंदकुमार, काकूंचा मुलगा, अगदी मऊ माणूस. तो दवाखान्यातून येऊन माझ्याच सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "शुभाताई, वाट लागली. आई भात खाणार नाही."

दर्शना मात्र ओट्याशी उभी राहिली. बटाटे सोलायचे, कापायचे, भिजवायचे, उकळायचे, पाणी ओतायचं, पुन्हा उकळायचे. मी चव घेऊन पाहिली. खोटं कशाला बोलू, पाण्यात विसरलेल्या लादीपावासारखं लागत होतं ते. मिठावरही बंधन, कुटावर बंदी. तिने आलं घातलं, लिंबू पिळलं, तुपात जिरं जरा जास्त तडतडू दिलं. काकूंनी पहिल्या दिवशी थुंकलं. "कोणी केलंय हे? माझ्या सुनेच्या हातचं नाही." दुसऱ्या दिवशी दोन घास गेले. पुढे वाटीभर जायला लागलं. पण नुसत्या वाटीभर धुतलेल्या बटाट्यावर माणूस किती दिवस चालणार? काकूंच्या हातातल्या पाटल्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तेव्हा दर्शनाने त्या काढून कपाटात ठेवल्या.

त्यात अबोली आली. काकूंची मुलगी, कांदिवलीला असते. त्या दिवशी संकष्टी, तिचा स्वतःचा खराखुरा उपास. दर्शना औषधं आणायला खाली गेली होती. अबोलीने फ्रीजमधली ती फिक्की भाजी पाहिली आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. आईला हे देतात? तिने स्वतःसाठी आणलेला डबा उघडला. दाण्याची आमटी, मस्त तुपातली बटाट्याची भाजी. आईने पोटभर खाल्लं, बोटं चाटली. मुलगी खूश, आई खूश. कोणाला बोल लावणार? तिला सांगितलं होतं की काय चालत नाही, पण उपासाचं, घरचं, तुपातलं अन्न आईला बाधेल हे तिच्या मनाला पटलंच नसणार. आपल्याकडे कोणालाच पटत नाही.

संध्याकाळी काकूंची मान कलंडली. पायात त्राण नाही, नाडी मंदावलेली. रिक्षाची वाट न पाहता खालच्या मजल्यावरच्यांच्या गाडीतून नेलं. आयसीयूच्या बाहेर अबोली दर्शनाचा हात धरून रडत होती आणि दर्शना एकच वाक्य परत परत बोलत होती, "तुझी चूक नाही गं. त्यांना माझ्या हातचं नको झालंय." मला हे ऐकवेना, मी जाऊन पाण्याच्या बाटल्या घेऊन आले.

वाचल्या. सलाइन, इंजेक्शनं, सगळं झालं आणि घरी सोडलं. सोडताना डॉक्टर नंदकुमारला म्हणाले की आता पोटात नीट अन्न जायलाच हवं. नाही गेलं तर परत आणा, नाकातून नळी घालू. आणि या वयात, अशा अवस्थेत, त्या नळी उपटून काढतील, म्हणजे हात बांधावे लागतील. मी हे सांगतेय कारण तिथून पुढे दर्शनाच्या डोळ्यासमोर तेवढंच होतं, काकूंचे बांधलेले हात.

घरी आल्यावर काकूंनी धुतलेला बटाटाही सोडला. ताट पुढे आलं की, "आज माझी एकादशी. निर्जळी." दिवसभर पाण्याचे चार घोट. दर्शनाने भात कालवून पुढे केला तर त्यांनी ताट ढकललं, "म्हातारपणी मला बाटवतेस?" नंदकुमारचा धीर सुटला. त्याने भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं आणि आईच्या तोंडासमोर धरलं. "बघ आई, वाच. आज एकादशी नाही. काल नव्हती, उद्या नाही." काकू वाचायचा प्रयत्न करत राहिल्या, बोट फिरवत राहिल्या, आणि मग लहान मुलासारखा हुंदका दिला. नंदकुमार कॅलेंडर घेऊन गॅलरीत जाऊन उभा राहिला. संध्याकाळी डॉक्टरांना फोन झाला. उद्या दुपारपर्यंत बघा, नाहीतर घेऊन या.

सकाळी माझं दार वाजलं नाही, पण फोडणीचा वास आला. हळद आणि हिंगाचा. त्या घरात कित्येक महिने हा वास नव्हता. मी तशीच गाऊनवर जाऊन डोकावले.

दर्शना न्हाऊन, ठेवणीतली साडी नेसून ओट्याशी उभी. देवापुढे रांगोळी. कुकरमध्ये वरण-भात. कढईत बटाट्याची भाजी, धुतलेल्याच बटाट्याची, पण हळद घातलेली, पिवळीधमक.

"काय चाललंय गं?" मी विचारलं.

"उपास नाही म्हणून सांगून काही होत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "उपास आहेच. आपण तो सोडायचाच विसरलो. आज द्वादशी."

खोटं बोलतेय का ही? म्हटलं तर खोटं. पण ती देवाकडे बघून नैवेद्य दाखवत होती, तिथे मी कोण बोलणार.

काकूंना तोंड धुवून खुर्चीवर बसवलं, पुढ्यात टेबल. केळीचं पान, त्यावर डाव्या बाजूला लिंबाची फोड, उजवीकडे पिवळी भाजी, मध्ये भाताची मूद. काकूंनी पानाकडे पाहिलं. भाजीकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"आई, द्वादशी आहे. पारणं करा," दर्शना म्हणाली.

"काल मी काय खाल्लं?"

"काही नाही. निर्जळी केलीत तुम्ही."

काकूंनी मान हलवली. खरंच होतं ते. नंदकुमार दारात उभा होता. काकूंचा हात पानाकडे गेला आणि मध्येच थांबला.

"सवाष्ण कुठाय?"

त्यांच्या सासरची ती रीत. द्वादशीला सवाष्ण जेवल्याशिवाय पारणं नाही.

"मी बसते ना आई," दर्शना म्हणाली.

"तू घरची. घरची धरत नाहीत." काकूंनी हात मांडीवर घेतला. "शुभाला बोलाव. दर वेळी तीच येते."

यायचे की. हे होते तोवर दर द्वादशीला मीच यायचे. काकूंच्या डोक्यातून मुलीचं नाव पुसलं गेलं होतं आणि माझं सवाष्णपण तेवढं राहिलं होतं. दर्शना माझ्याकडे वळली. तिचा चेहरा असा झाला होता की मला तिचाच राग आला. "मी खालून कोणाला तरी आणते," ती पुटपुटली. कोणाला आणणार? सगळ्या ऑफिसला गेलेल्या. आणि पाच मिनिटांत काकूंची परत एकादशी झाली असती.

"आले मी काकू," मी म्हटलं आणि पुढे झाले. गाऊनवरच.

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. नजर कपाळावर थांबली. "हे काय, मोकळं कपाळ? लाव गं तिला."

हे गेल्यापासून मी कपाळाला काही लावलं नव्हतं. कोणी सक्ती केली नव्हती, आजकाल कोण करतं? मलाच नको होतं. ज्याच्यासाठी आरशात बघायचे तो नाही, मग कशाला? दर्शनाच्या हातात करंडा होता आणि ती तो उघडत नव्हती. तिला माहीत होतं. तिच्या सासूचा घास माझ्या कपाळावर येऊन अडला होता आणि तरी ती बाई मला विचारत नव्हती.

मी मान पुढे केली. "लाव," म्हटलं. "थांबू नकोस, लाव."

तिचं बोट कपाळाला टेकलं. रडले असते तर सगळंच मोडलं असतं, म्हणून ओठ चावून काकूंसमोर बसले. पान वाढलं. पहिला घास भाजीचाच घेतला. काकू बघत होत्या.

"यजमान नाही आले?"

"ऑफिसला गेलेत," मी म्हटलं. आवाज बरा निघाला.

"डबा दे त्यांना," काकू दर्शनाला म्हणाल्या. मग त्यांनी पानाभोवती पाणी फिरवलं, चित्राहुती घातल्या, त्यातलं काही विसरल्या नव्हत्या, आणि पिवळ्या भाजीची फोड तोंडात घातली. चावली. गिळली. मग वरण-भात. आम्ही कोणी हललो नाही. अर्धी मूद संपली तेव्हा नंदकुमार आत जाऊन नळ सोडून उभा राहिला, त्याचं रडू ऐकू येऊ नये म्हणून. दर्शना मात्र वाढत राहिली, थोडं तूप, थोडा भात, पुन्हा थोडा.

दुपारी दवाखान्यात जावं लागलं नाही. संध्याकाळी काकू उठल्या आणि म्हणाल्या, उद्या माझी एकादशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हळदीचा वास आला. त्यानंतर बराच वेळ काही नाही. दर्शना तिच्या दारापर्यंत आली होती, मला तिची पावलं ऐकू येत होती, पुढे येत होती, मागे जात होती. तिला बेल वाजवायचा धीर होत नव्हता. रोज उठून हे कसं मागायचं एखाद्या बाईकडे?

मी दार उघडलं. मी साडी नेसून, टिकली लावूनच उभी होते.