राजाने खाल्लेली ओळ

दिवाळीच्या आधीचे तीन-चार आठवडे माझ्या कृषी केंद्रात खतापेक्षा गाणी जास्त वाजतात. आमच्या तिरोड्याकडच्या भागात दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते आणि मंडईला नाटक असतं. प्रत्येक गावाचं नाटक दरवर्षी बहुतेक तेच असतं, नट बदलत जातात. आता प्रत्येक मंडळ नव्या संचाची पदं तिरोड्याला जाऊन रेकॉर्ड करून आणतं. ती मोबाइलवर फिरतात, प्रचाराच्या ऑटोवरच्या भोंग्यातून वाजतात आणि सगळ्यात आधी माझ्या दुकानात येतात. त्या त्या नाटकाची हस्तलिखित वही मांडीवर उघडी ठेवायची, बोट ओळीवर ठेवायचं आणि ऐकायचं, अशी माझी पद्धत. कोणी कुठे श्वास घेतला, कोणी शब्द गिळला, हे मी सांगतो. लोक मला जाणकार समजतात. मीही समजत होतो.

हा मान मला मिळाला तो एकवीस वर्षं आमच्या गावच्या नाटकात राजा केल्यामुळे. आमचा राजा संशयाने राणीला वनवासात पाठवतो आणि शेवटच्या अंकात तिच्यापुढे गुडघे टेकून पद म्हणतो. दोन वर्षांपूर्वी मी गुडघे टेकले ते टेकलेच. राणी म्हणजे डेअरीवर दूध मोजणारा गडी. त्याने पदर खोचून मला काखेत धरून उभं केलं. प्रेक्षक अजून तो प्रवेश सांगतात. मी राजा सोडला.

आमच्याकडे एक रीत आहे. भूमिका सोडणाऱ्याने नव्या नटाची पदं ऐकायची आणि पटली तर त्याला नारळ द्यायचा. नारळ मिळाला नाही तर त्या वर्षी ती भूमिका त्याला मिळत नाही, मग तो कोणीही असो. गेल्या वर्षी हा प्रश्नच आला नाही. गावातली तरणी पोरं कामाला हैदराबादकडे गेली होती आणि नाटक झालंच नाही. यंदा बचत गटाच्या बायकांनी ठरवलं की नाटक आपण करायचं. राणी बाई, प्रधान बाई, भालदारही बाई.

एका संध्याकाळी बायको घरी आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "मले राजा दिला."

मी हसलो. हे माझं पहिलं पाप. ते मी इथे लिहून ठेवतो, कारण पुढच्या पापांना त्याच्यामुळेच वाट झाली.

पंधरा दिवसांनी पेटीमास्तर दुकानात आले. आमच्या नाटकाची पेटी वाजवून वाजवून म्हातारे झालेले गृहस्थ. ते युरियाच्या पोत्यावर बसले, खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि म्हणाले, "ऐक गा आपला नवा राजा."

मी वही उघडली, बोट ठेवलं, स्पीकर लावला.

पहिलं पद दरबारातलं. बायकोचा आवाज मी रोज ऐकतो, पण तो असा कधी ऐकला नव्हता. घरात तो 'गॅस संपला' एवढ्याच उंचीवर चालतो. इथे तो सरळ वर गेला आणि तिथेच थांबला, न थरथरता. दुसऱ्या पदात जिथे मी तीन श्वास घ्यायचो तिथे तिने एक घेतला. फवारणीचं औषध घ्यायला आलेल्या एका शेतकऱ्याने हातातली कॅन खाली ठेवली.

"कोण म्हणून राहिलं जी? गळा चांगला हाये."

"आहे कोणीतरी," मी म्हणालो. हे दुसरं पाप.

तिसऱ्या पदापर्यंत मला कळून चुकलं होतं की माझी एकवीस वर्षं या बाईने तीन पदांत झाकून टाकली. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटायला हवा होता. मला वाटलं ते असं: निदान चौथ्यात तरी चुकू दे.

चौथं पद क्षमेचं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, मग एक लांब, डोळ्यांत पाणी आणणारा आलाप आला आणि त्यानंतर थेट चौथी ओळ. माझं बोट तिसऱ्या ओळीवरच होतं. ओळ वहीत होती, रेकॉर्डिंगमध्ये नव्हती. मी स्पीकर बंद केला. मला झालेला आनंद चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी खिन्न चेहरा केला.

"मास्तर, ओळ खाल्ली."

मास्तरांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "खाल्ली म्हणतोस?"

"ही बघा. पाठांतर कच्चं आहे. राजाचं काम आहे हे. यंदा नारळ नको. पुढल्या वर्षी पाहू."

"इचार कर. घरी जेवाचं हाये तुले."

"कलेत घर पाहू नये," मी म्हणालो.

हे वाक्य मी बोललो. साक्षीला औषधवाला शेतकरी उभा होता.

मास्तर पेन ड्राइव्ह घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी तालमीत मी पाठवलेल्या नारळावर राजा अंगणवाडीच्या बाईंना मिळाला आणि माझी बायको भालदार झाली. भालदाराने राजा आला की भाला आपटायचा असतो. बोलायचं काही नसतं.

त्या दिवशी मला अपराधी वाटू लागलं, आणि मला तसं वाटू लागलं की मी कोणालातरी सांगतो. हा माझा जुना दोष आहे. एक गिऱ्हाईक आलं, त्याला म्हणालो, "मी फार वाईट वागलो हो. चुकीबद्दल बोललो ते खरं, पण मनात जळत होतो."

तो म्हणाला, "बराबर हाये. युरियाच्या दोन बोऱ्या पायजे होत्या."

संध्याकाळी बायको तालमीहून आली. तिने भाजी फोडणीला टाकली, हात पुसले आणि कपाटातून नाटकाची दुसरी वही काढून माझ्यासमोर बसली. मी भांडणाची तयारी केली होती. तिने भांडण केलं नाही, हे जास्त वाईट होतं.

"ओळ खाल्ली म्हणता."

"वहीत आहे ना."

"हाये. मी आजच पाह्यली. मी वहीतून नाही शिकली, तुमच्यापासून शिकली. एकवीस वर्षं तुम्ही आंघोळीत म्हणता अन् मी इथं पोळ्या लाटते. मंग हे ओळ मले काऊन ऐकू नाही आली?"

"तू लक्ष दिलं नसशील."

"बरं. म्हणा तुम्ही."

मी म्हणालो. पहिली ओळ, दुसरी ओळ, मग माझा उजवा हात आपोआप वर गेला, मान आकाशाकडे झाली आणि मी आलाप घेतला. मग चौथी ओळ. बायकोचं बोट तिसऱ्या ओळीखाली होतं आणि तिथून हललं नव्हतं.

"पुन्हा म्हणा."

पुन्हा म्हणालो. हात वर, मान वर, आलाप.

"हात कायले वर करता तुम्ही त्या जागी?"

"तिथे राजाला दुःख होतं," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता मला आठवलं. पहिल्या वर्षी त्या जागी मला दुःख नव्हतं झालं, ओळ विसरली होती. मी घाबरून वर दिव्याकडे पाहिलं, काहीतरी करायचं म्हणून हात उचलला आणि 'आ' लांबवला. प्रेक्षकांनी वन्स मोअर दिला. दुसऱ्यांदाही मला ओळ आठवली नाही, म्हणून मी तसंच केलं. त्यानंतर दरवर्षी त्याच जागी वन्स मोअर येत गेला आणि मी आमच्या नाटकाची वही कधी उघडली नाही. मला सगळं पाठ होतं ना.

मी वहीत वाकून ती ओळ नीट वाचली. राजा राणीला म्हणतो की संशय माझ्या मनातला होता, दोष तुझा नव्हता, माझा होता. बाकीच्या पदात नुसती फुलं आणि चंद्र आहे. सबंध नाटकात राजा चूक कबूल करतो ती एवढ्या एकाच ओळीत, आणि ती मी एकवीस वर्षं राणीला ऐकवलीच नव्हती.

"तुझी ओळ मी खाल्ली," मी म्हणालो.

"माझी नाही, राजाची," बायको म्हणाली. "मी आता भालदार हावो." आणि ती भाजी पाहायला उठली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून मी शाळेच्या व्हरांड्यात गेलो. तालीम चालू होती. चौदा बायका, पेटीमास्तर आणि भाला धरून कोपऱ्यात माझी बायको. मी सगळं उभ्याने सांगितलं. विसरलेली ओळ, हात, वन्स मोअर, मनातलं जळणं, स्पीकर बंद करताना झालेला आनंद, सगळं. मी सांगत होतो आणि समोर बायका तोंडावर पदर धरून हसत होत्या.

"भाऊजी, पुन्हा एकदा हात वर करून दाखवा न," राणी झालेली बाई म्हणाली.

"दाखवतात ते," बायको कोपऱ्यातून म्हणाली. "सवय हाये त्यायले."

मी मास्तरांकडे वळलो. "मास्तर, तुम्हाला तरी कळायला हवं होतं."

"मले पहिल्याच वर्षी कळलं. तू ओळ खाल्ली म्हणून मी पेटी त्या जागी लांबवली. तवापासून लांबवूनच राहिलो."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगतो म्हणत होतो. दरवर्षी वन्स मोअर ये."

"आणि परवा? परवा तरी सांगायचं होतं."

मास्तरांनी पेटीचा भाता दाबून पाहिला. "परवा वाटलं, घरचं काही भांडण असंल. म्हटलं आपण कायले मधात पडा."

अंगणवाडीच्या बाईंनी तिथेच राजाचं काम परत केलं. त्या म्हणाल्या, "माझा त आवाजच वर जात नाही, नारळ आला म्हणून नाही म्हणवे ना." मी पिशवीतून नारळ काढला आणि बायकोपुढे धरला. तिने तो लगेच घेतला नाही. भाला आधी भिंतीला नीट टेकवून ठेवला, मग हात पुढे केला.

"ते पद पुन्हा रेकॉर्ड करावं लागंल," ती म्हणाली. "मी हे ओळ म्हणणार हावो."

दोन दिवसांनी मीच तिला आणि मास्तरांना तिरोड्याला नेलं. भिंतींना गाद्या ठोकलेल्या त्या खोलीत रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "भैया, ये लाइन तो पहले थी ही नहीं." मी त्यालाही सांगायला सुरुवात केली होती, पण बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मी बाहेर जाऊन मोटारसायकलवर बसलो.

नवं रेकॉर्डिंग ऑटोच्या भोंग्यावर फिरलं आणि माझ्या दुकानात तक्रारी येऊ लागल्या. नव्या राजाने आलाप खाल्ला, असं लोक म्हणत. मी प्रत्येकाला वही दाखवून सांगे की आलाप म्हणजे माझी चूक होती, ओळ ही अशी आहे. काहींना पटलं. काही म्हणाले, मग एकवीस वर्षं आम्ही वन्स मोअर कशाला दिला?

एक म्हातारे गृहस्थ झिंक घ्यायला आले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुहं बराबर हाये," ते म्हणाले. "पण आता आमी वन्स मोअर कोठं द्याचा?"

"आधी ऐकून तर पाहा," मी म्हणालो आणि चौथं पद लावलं.

पहिली ओळ झाली, दुसरी झाली. मग हात नाही, आलाप नाही, पेटीही लांबवलेली नाही. दोष माझा होता, असं बायको अगदी साध्या आवाजात म्हणाली, 'गॅस संपला' म्हणते तितक्या साध्या आवाजात. म्हातारे पोत्यावर बसले.

पद संपल्यावर म्हणाले, "पुन्हा लाव."

मी लावलं. चार वेळा ऐकून ते गेले. झिंक काउंटरवरच राहिलं.