सील न फोडलेली बाटली

अण्णा, म्हणजे माझे वडील, एका गुरुवारी गेले. सकाळी ते गच्चीवर उन्हात बसले होते. आई पाणी घेऊन वर गेली तेव्हा ते खुर्चीतच होते. मी साताऱ्यात होते, वर्गावर.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. अण्णांचं सांगलीत हळदीचं दुकान होतं. त्यांना रक्तदाब होता आणि गुडघे दुखत. मिरजेच्या डॉक्टरांनी रक्तदाबासाठी पांढरी गोळी दिली आणि हाडांसाठी ड जीवनसत्त्वाच्या पिवळ्या कॅप्सूल. अण्णांचा विश्वास पिवळीवर बसला. हळदीच्या व्यापाऱ्याचा बसायचाच. हीच हृदयाला चांगली, असं ते गिऱ्हाइकांनाही सांगत. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "हिचा हृदयाला उपयोग होतो की नाही, मला ठाऊक नाही. प्रेशरला पांढरी. ती चुकवू नका."

हाती पडेल ते वाचायची मला सवय आहे. एका रविवारी सांगलीला गेले असताना मी कॅप्सूलच्या बाटलीवरचं बारीक इंग्रजी वाचलं आणि त्याचं मराठी करून सांगितलं. माशाच्या यकृताचं तेल.

आम्ही जैन. त्यात चातुर्मास चालू होता. घरात कांदासुद्धा नव्हता.

अण्णांनी आईला विचारलं, "किती दिवस झाले गं?"

"तीन महिने. आवं, पण तुमीच म्हणत होता, लय गुण आला म्हणून."

"गुण आलाच," अण्णा म्हणाले. "तेच वाईट झालं."

दोन्ही औषधं एकाच डब्यात असत. बाटलीबाहेर राहिलेली एक कॅप्सूल फुटून गोळ्यांच्या पुडीला तेल लागलेलं निघालं. आईनं दुपारीच अख्खा डबा कृष्णेत सोडला. "ज्याचं त्याला पोचलं," अण्णा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसाचा उपवास धरला.

"पांढरी गोळी नवी घ्या," मी म्हणाले.

"कुठनं? पेठेतल्या दुकानातनं? ते तेल त्यानंच दिलंय. परत का घेता, विचारेल; उद्या साऱ्या पेठेत बोभाटा होईल. तू साताऱ्याहून आण. मिरजेत सारे ओळखीचे, तिथं आपल्याला कोण ओळखत न्हाई. सील न फोडलेली आण. मी घेईन."

"आणि तोवर?"

"तोवर ऊन हाय की."

उन्हातूनही ड जीवनसत्त्व मिळतं, हे मीच त्यांना एका पुस्तकातून वाचून दाखवलं होतं. त्यानं रक्तदाब उतरत नाही, हेही सांगितलं होतं. त्यांनी पहिलं लक्षात ठेवलं.

साताऱ्याला परतले त्याच दिवशी मी पांढऱ्या गोळ्यांची बाटली घेतली. शनिवारी जाणार होते. सहामाहीचे पेपर तपासायचे राहिले होते, म्हणून पुढच्या शनिवारी जायचं ठरवलं आणि तसं कळवलं. अण्णांचं कार्ड आलं. ऊन चांगले पडते आहे. गुडघे बरे आहेत. पेपर नीट तपास, घाई करू नये.

पुढचा शनिवार यायच्या आधी तो गुरुवार आला.

नंतर मी मिरजेला जाऊन डॉक्टरांना विचारलं, गोळी वेळेवर पोचली असती तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. मग म्हणाले, "पण ती चुकवायची नव्हती."

पेपर मी पुढच्या आठवड्यात तपासले. दुकान विकलं. आई माझ्याकडे साताऱ्यात असते. तिच्यासमोर मी औषधांवरचं वाचत नाही. बाटली कपाटात पुस्तकांच्या मागे आहे. तिचं सील फोडलेलं नाही.