मुक्ताबाईंची विहीर आणि पंपाखालचं पेट्रोल

पेट्रोल पंपाच्या मागं जमिनीत नळी सोडून बसलेला माणूस बघून ‘काय चाललंय?’ असं न विचारता पुढं जाणारा आमच्या जिल्ह्यात अजून जन्मायचाय! त्यामुळं आम्हाला किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपल्या पायानं चालत येतात.

काम असं. फुलंब्री रोडवरच्या एका पंपाची जमिनीखालची टाकी गळाली. टाकी बदलली, पण गळालेलं पेट्रोल खडकात गेलं ते गेलंच. ते कुठवर पोचलं, हे बघायला आम्ही आजूबाजूला बारीक बोअर घेतले. त्यातलं पाणी काढायचं आणि लॅबला पाठवायचं. पंपाच्या उताराला मुक्ताबाईंची विहीर, सगळी वस्ती तिच्यावर. पेट्रोल तिथं पोचलं तर वस्तीचं पाणी गेलं. आम्ही तिघं: भूजल खात्यातले चव्हाण सर, नमुने घेणारा सलीमभाई आणि मुकुंदवाडीचा मी.

*

पहिल्याच दिवशी लोकांना वाटलं, आम्ही पाणी दाखवणारे पानाडे. एक काका चक्क नारळ घेऊन आले, आमच्या रानात बोअर कुठं घेऊ म्हणून. सरांनी नीट समजावलं की आम्ही पाणी नाही शोधत, पाण्यात पेट्रोल आहे का ते शोधतो.

काकांनी नारळ पुढं सरकवला. “मंग तर आधी आमच्याच रानात चला की!”

*

आमची नळी पारदर्शक, दोरीला बांधलेली. पंपाजवळच्या बोअरमधून ती पहिल्यांदा वर आली, तेव्हा आम्ही तिघंही तिच्यावर वाकलो. खाली नितळ पाणी, वर बोटभर पेट्रोल, मधे सरळ रेघ. आपल्या पायाखाली हे असं पसरलंय, आणि वर लोक निवांत चाकात हवा भरून घेतायत!

*

नमुन्याच्या दिवशी आमचे नियम कडक. अत्तर नाही, गाडीत पेट्रोल भरणं नाही. शिवाय लॅबच्या शुद्ध पाण्याची एक बाटली तिथंच भरायची. तिच्यात काही निघालं तर दोष आमचा.

एकदा सकाळी चिकलठाण्याजवळ सलीमभाईची गाडी पेट्रोल संपून बंद पडली. त्यानं दुसऱ्याच्या टाकीतून नळीनं पेट्रोल ओढलं, हात रुमालाला पुसले आणि येऊन बाटल्या भरल्या. लॅबमध्ये विहिरीच्या पाण्यात पेट्रोल निघालं. सरांनी लगेच वस्तीला सांगितलं, पाणी पिऊ नका. दुसऱ्या दिवशी कळलं की शुद्ध पाण्याच्या बाटलीतही तेवढंच पेट्रोल आहे!

सलीमभाई त्या दिवशी जेवला नाही. पण बोभाटा व्हायचा तो होऊन गेला होता. विहिरीवर चिटपाखरू फिरकेना.

*

मग आम्ही सगळे नमुने पुन्हा घेतले. विहीर एकदम स्वच्छ. उलट पंपापासून लई लांब, नाल्याकडच्या पडीक बोअरला भपकन वास! सर तिथं उघड्या पडलेल्या काळ्या पाषाणावर उकिडवे बसले आणि त्यातल्या भेगेवरून बोट फिरवत राहिले. पेट्रोल उतारानं विहिरीकडं जायला हवं होतं, ते ह्या भेगेनं नाल्याकडं वळवलं होतं.

“एवढी वर्षं खडक वाचतोय,” सर म्हणाले, “तरी ह्याच्या मनात काय असतं, ते हाच जाणे.”

*

निकाल घेऊन वस्तीवर गेलो. सरांनी कागद वाचून दाखवला, चूक आमची होती हेही सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या, पण विहिरीकडं कुणी जाईना. मुक्ताबाईंनी आमच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. पाणी जारचं होतं.

सलीमभाईनं तांब्याला हात लावला नाही. “मावशी, विहिरीचं द्या.”

“नगं भाऊ,” मुक्ताबाई म्हणाल्या. “पावण्याला असलं पाणी पाजलं म्हणून उद्या पुन्हा माझंच नाव निघंल.”

“खराब माझा हात होता, मावशी. पाणी नाय.”

मुक्ताबाई उठल्या. विहिरीवर गेल्या, पोहरा सोडला. सलीमभाईनं खाली वाकून दोन्ही हातांची ओंजळ धरली. मुक्ताबाई वरून ओतत राहिल्या आणि तो पीत राहिला. सगळी वस्ती बघत होती.

त्याचं झाल्यावर गर्दीतली एक बाई पुढं आली. लेकराला कडेवरून खाली ठेवलं, पदर खोचला आणि तिनंही ओंजळ धरली.