पडदा पुसायची ओळ

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. नागपूरहून रोज बसनं मी कळमेश्वरच्या एका कारखान्यात जायची. लागले टायपिस्ट म्हणून, पण भांडभांडून कॉम्प्युटरवर जाऊन बसले. सुट्या भागांच्या यादीचा प्रोग्राम लिहायचा होता. साहेब पुण्याचे. म्हणाले, "या मशीनच्याच भाषेत लिही, पटकन होईल." मी सी भाषा धरली, ती कुठल्याही मशीनवर चालते म्हणे. म्हटलं, "उद्या मशीन बदललं तं?" ते हसले. सहा महिने लागले तेव्हा हसणं थांबलं.

आणि खरंच दुसऱ्याच कंपनीचं मशीन आलं! साहेबांनी बजावलं, "आठ दिवसांत तुझा प्रोग्राम यावर चालला तर ठीक, नाहीतर तू परत टायपिंगला." तशी ऑर्डरही मलाच टाइप करायला लावली, कारण माझ्याइतका हात कुणाचाच चालत नव्हता. डोकं असं भडकलं माझं! पण एकही चूक केली नाही, मुद्दामच.

प्रोग्राम ठेवलेली जुनी फ्लॉपी नव्या मशीनच्या फटीत जाईना. मग छापील कागद समोर ठेवून सगळा प्रोग्राम पुन्हा टाइप केला. प्रत्येक मशीनचा आपला एक दुभाषा असतो, कंपायलर. सीमध्ये लिहिलेलं तो त्या मशीनला समजेल असं करून देतो. त्याला हुकूम सोडला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

एकच चूक निघाली. एकच! पडदा पुसायची ओळ, म्हणजे स्क्रीन कोरी करणारी. ती मी घाईघाईत जुन्या मशीनच्या खास बोलीत लिहिली होती. मला हसूच फुटलं. साहेबांपुढे कितीही जपून बोललं तरी माझ्या तोंडून 'मले' निघायचंच, आणि ते लगेच "मले नाही, मला" करायचे. इथंही माझं 'मले' निसटलं होतं. ओळ सुधारली, पुन्हा हुकूम सोडला.

यादी आली! बेअरिंग, पट्टे, नटबोल्ट, सगळं जिथल्या तिथं. अंगावर सर्रकन काटा आला. आठ दिवसांपूर्वी ज्या मशीनचं मी तोंडही पाहिलं नव्हतं, त्याला माझं म्हणणं कळलं होतं. जगात अजून अशी किती मशीनं असतील, आणि त्यांनाही कळेल! "माय वं!" मी मोठ्यानं ओरडलेच.

साहेब मागेच उभे होते. आजवर मला 'तू' म्हणत आलेला माणूस. खुर्ची ओढून शेजारी बसले, चष्मा पुसला आणि हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही मलाही शिकवाल का?"