वर इस्त्री लागली

विजेवर इतकी माया करणारा आणि ती वापरणाऱ्यावर इतका संशय घेणारा माणूस माझ्या थोरल्या दिरांशिवाय अख्ख्या संभाजीनगरात दुसरा सापडणार नाही. सापडलाच तर दोघांना एका घरात ठेवू नये. अंधारात बसून एकमेकांचे पंखे बंद करतील. खाली ते आणि जाऊबाई, वर आम्ही. सासऱ्यांनी बांधलेलं घर एक, नळ एक आणि खांबावरून आलेली वायरही एकच. जिन्याखाली भिंतीवर सरकारी मीटर, त्याच्या शेजारी बिलाची वाटणी करायला भावजींनी स्वतः बसवून घेतलेलं वरच्या मजल्याचं छोटं मीटर, आणि मध्ये वरचा मोठा स्विच. या तिघांसमोर एक लोखंडी खुर्ची. चितेगावच्या कंपनीतून पाळी संपवून आले की भावजी चहाच्या आधी त्या खुर्चीत बसायचे आणि मीटरातली चकती फिरताना बघून वर काय चाललंय ते सांगायचे. "वर मिक्सर लागला." "मिक्सर थांबला, आता टीव्ही." जाऊबाई म्हणायच्या, "एवढं माझ्या तोंडाकडं बघितलं असतं, तर माझं डोकं दुखतंय हे तरी कळलं असतं." त्यावर भावजी म्हणायचे, "डोक्याला युनिट पडत नाय."

पंचाईत अशी, की आमच्याकडं थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही. जिन्यात समोरासमोर आलो तरी ते भिंतीला सांगायचे, "वर म्हणावं, बाथरूमचा दिवा राहिलाय." भिंत समोर नसली तर बोलणंच खुंटायचं. मग त्यांनी स्विचची भाषा काढली. दिवा एकदा मिटून उघडला की पंखा उगाच चालू आहे. दोनदा मिटला की इस्त्री. मी तेव्हा नवी नवरी, बी.ए. झालेली आणि रुखवतात इस्त्री घेऊन आलेली. त्या इस्त्रीचा मला एवढा तोरा, की यांचे रुमाल आणि उशांचे अभ्रे तर सोडाच, भांडी पुसायची फडकीसुद्धा मी कडक करून ठेवायची. भावजी गुलमंडीला गेले की माझी इस्त्री तापायची. एकदा ते अर्ध्या वाटेतून परत आले. मी शहाणी. मीटर मंद फिरावं म्हणून वरचे सगळे दिवे-पंखे बंद केले, खिडक्या लावल्या आणि भर उन्हाळ्यात घामानं निथळत इस्त्री फिरवत बसले. एकटी इस्त्री सगळ्या घराच्या दिव्यांना भारी असते, हे बी.ए.ला शिकवलं नव्हतं. दिवेच बंद, त्यामुळं खालची खूण मला दिसेना. शेवटी भावजींनी स्विच पाडूनच टाकला. इस्त्री गार पडली. मला वाटलं, गावाची लाईट गेली. संध्याकाळपर्यंत मी अभ्र्यानं वारा घेत बसले आणि मग खाली येऊन म्हणाले, "आज लईच वेळ लाईट गेली हो." जाऊबाईंच्या डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. त्या म्हणाल्या, "तुझीच गेली बाई. आमची हाय."

पुढं चकतीचं मीटर जाऊन लाल ठिपक्याचं आलं. आम्हाला वाटलं, आता म्हाताऱ्याची विद्या संपली. चार दिवस ते खरंच उदास होते. पाचव्या दिवशी ठिपक्याची उघडझाप बघून त्यांनी खालूनच सांगितलं, "वर गिझर." माझा लेक सुट्टीला आला होता, त्यानं बिल वाचून वेगळीच गोष्ट काढली. दोन घरांचे युनिट एका मीटरवर पडतात, म्हणून दर चढतो. वेगळी मीटरं घेतली तर दोघांचंही बिल उतरेल. मी यांना ढकलून खाली धाडलं आणि जिन्यात कान देऊन उभी राहिले.

"मला म्हाईत नाय व्हय ते," भावजी म्हणाले.

"माहीत आहे?" यांचा आवाज.

"लई वर्सांपासून."

"मग कामून इतकी वर्षं जास्तीचं भरलं?"

"मीटर वेगळं झालं की घर वेगळं झालं," असं म्हणून त्यांनी यांच्या डोक्यावरचा दिवा बंद केला. बोलणं संपलं.

तोवर सगळं हसण्यावारी होतं. मग यांची छाती बिघडली आणि वर ऑक्सिजनचं मशीन आलं. ते चालू असलं की हे बोलायचे, जेवायचे, माझ्या चहाला नावं ठेवायचे. बंद पडलं की माशासारखं तोंड उघडायचे. जोडीला सिलिंडर होतं, पण ते थोड्या वेळापुरतं. मशीन जोडायला आलेला माणूस म्हणाला, "या तारेवर विजेचा दाब लई कमी आहे. वरच्यासाठी नवं मीटर घ्या, खांबावरच्या दुसऱ्या तारेवरून." कनेक्शन भावजींच्या नावावर, म्हणून संमतिपत्रावर सही त्यांचीच हवी. कागद खाली गेला. सही न होता तसाच वर आला. पुन्हा खाली गेला, पुन्हा वर आला. जाऊबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. त्यांना ते कळलंच नाही.

मला दुसरीच भीती. इतक्या वर्षांची सवय, बसल्या बसल्या हात स्विचकडं गेला तर? मी थेट सांगू शकत नव्हते; सांगायचं तर भिंतीलाच. मग एका सकाळी मी स्विचला हळद-कुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल अडकवलं. पूजलेल्या वस्तूला भावजी हात लावत नाहीत. त्यांनी चष्म्यातून स्विच पाहिला, नमस्कार केला, खुर्ची दोन हात मागं घेतली. दुसऱ्या दिवसापासून ताजं फूल कोण ठेवत होतं, ते मी विचारलं नाही.

मे महिन्यात एका दुपारी नळाला पाणी आलं. आमच्याकडं पाणी येतं त्या दिवशी गल्लीत सण असतो. घरोघरच्या मोटारी एकदम गुरगुरायला लागतात. वरचा पंखा मंदावला आणि मशीन टीं टीं ओरडायला लागलं. यांचे ओठ काळपट दिसायला लागले. मी सिलिंडरची चावी फिरवते तर ती घट्ट. मग मी लग्नानंतर पहिल्यांदा जिन्याच्या तोंडाशी उभी राहून थेट ओरडले, "भावजी, मशीन बंद पडतंय."

खाली ते हातात पाइप घेऊन उभे होते, टाकी नुकती कुठं ओली झालेली. त्यांनी मोटार बंद केली. कूलर बंद केला. फ्रिजची पिन उपसली. "आता?"

"नाही हो. अजून ओरडतंय."

ते बनियनवर, अनवाणी, तापल्या रस्त्यावर गेले आणि एकेका घराचं दार बडवायला लागले. लोकांना वाटलं, म्हातारा आता गल्लीचे पंखे मोजायला निघाला. "मोटारी बंद करा. माझ्या भावाचं मशीन वर बंद पडतंय."

समोरची बाई म्हणाली, "काका, आज पाणी हुकलं तर पुन्हा कधी यायचं?"

"माझ्या टाकीतलं न्या," भावजी म्हणाले. टाकीत तांब्याभर पाणी नव्हतं.

एकेक मोटार थांबत गेली. गल्ली इतकी शांत झाली, की नळांची धार ऐकू यायला लागली. वरचा पंखा भरभर फिरला आणि मशीनचं रडणं थांबलं. यांनी डोळे उघडले. तेवढ्यात जिन्यावर अनवाणी पावलांचा आवाज आला. भावजी दारात उभे, तळवे भाजलेले, आणि जवळ एवढी मोठी भिंत असताना त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "बाई, चालतंय ना?"

"चालतंय," मी म्हणाले.

संध्याकाळी सही केलेला कागद जाऊबाईंच्या हातात होता. मी शेजारीच उभी, तरी भावजी त्यांनाच म्हणाले, "वर सांगा, माझ्या मोटारीपायी त्याचा श्वास अडकाया नको. मीटर मात्र याच भिंतीवर बसवा." तसंच बसलं. लोखंडी खुर्ची हातभर डावीकडं सरकली.

नव्या मीटरावर यांनी आणखी दोन उन्हाळे काढले. मग हे गेले, मशीन ज्याचं त्याला परत गेलं. वर मी एकटी. एक पंखा, एक दिवा, तोही लवकर मालवते. परवा खालून हाक आली, "बाई." मी जिन्यात आले. भावजी खुर्चीतून मीटरकडं बघत होते.

"ठिपका लई येळानं लवतोय. वर हाय का नाय कुणी, तेच कळंना. पंखा तरी लावत जा."

हे मला त्या माणसानं सांगावं. मी वर येऊन कपाटातून इस्त्री काढली. आता ऊन कललं की रोज तापवते. कपडे कुठले एवढे; यांचेच सदरे, कालची घडी मोडून आज पुन्हा घालायची. खाली खुर्ची करकरते आणि भावजी जाऊबाईंना सांगतात, "वर इस्त्री लागली."

बंद करा म्हणत नाहीत.