फितीखाली दोन बोटं

सगळे त्याला मोतद्दारच म्हणत. बायकोसुद्धा चारचौघांत तेच म्हणे, आणि चिडली की त्या शब्दावर जरा जोर देई. चाळीस वर्षं त्याने एकाच घोडेस्वारीच्या शाळेत घोडे सांभाळले. पागेवरच त्यांची एक खोली होती. लाकडी जिना, खालून येणारा लिदीचा नि वाळल्या गवताचा वास, आणि खिडकीशी बायकोचं शिलाई मशीन. गावभरचे कपडे ती उसवून सैल नाहीतर घट्ट करून देई. खाली नवरा जनावरं भरवतो आणि वर मी त्या भरल्या अंगांचे कपडे सैल करते, अशी तिची नेहमीची थट्टा होती.

मोतद्दाराला एकच गोष्ट पाहवत नसे, ती म्हणजे रिकामं तोंड. तो काकांच्या घरी वाढला. तिथे ताटं मोजून वाढत आणि याचं ताट सगळ्यात शेवटी येई. कधी येतही नसे. पोटाला चिमटा घेणं म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. पागेत कामाला लागला तेव्हाच त्याने मनाशी ठरवलं की आपल्या हाताखालचं जनावर उपाशी राहणार नाही. आणि खरोखरच कधी राहिलं नाही. लोक म्हणत, "मोतद्दाराचा हात लागला की जनावर भरतं." तो वरवर मान हलवी आणि आतून फुलून येई. आता माणसाला कशाचा तरी गर्व हवाच, याला याचा होता.

त्याच हाताने सरदार गेला.

सरदार हा त्याचा सगळ्यात लाडका घोडा. वारा खाल्ला तरी अंगाला लागावा, अशी काही जनावरं असतात, त्यांतला. हिरव्या कुरणात सोडला की महिन्याभरात त्याची मान जाड व्हायची आणि पाठीवर पन्हळ पडायची. बघणारे म्हणत, काय देखणा आहे! मोतद्दार वर आणखी खिशातून गाजर काढून द्यायचा. एका सकाळी सरदार पुढचे पाय लांब टाकून, अंगाचा सगळा भार मागे घेऊन उभा होता. पाऊल उचलेना. खूर चटका बसावा इतके तापले होते. घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, की गोड गवत जास्त झालं की खुराच्या आत सूज येते, आणि फार झालं तर आतलं हाडच जागा सोडतं. तिसऱ्या दिवशी सरदार बसला तो उठला नाही. त्याचं डोकं मोतद्दाराच्या मांडीवर होतं, आणि तशातही तो ओठांनी त्याचा गाजराचा खिसा चाचपत होता. शेवटपर्यंत त्याचा मोतद्दारावर जीव होता. नेमकं हेच मोतद्दाराला पुढे सोसेना.

वर्षभराने लोणी आली. नाव शाळेतल्या पोरींनी ठेवलेलं, आणि घोडी नावासारखीच गोल. दुसऱ्याच हंगामात तिचे पाय तापले. ती वाचली, पण डॉक्टरीणबाईंनी मोतद्दाराला बाजूला घेतलं.

"मामा, हाडाने अजून जागा सोडलेली नाही. पुन्हा असं झालं तर मी औषध घेऊन येणार नाही. तिला सोडवायची सुई घेऊन येईन. तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते."

मग मोतद्दाराने काळजावर दगड ठेवला. कुरणात सोडताना तो तिला मुसकं घालू लागला. जाड जाळीचं, खाली एवढंसं भोक. त्यातून गवताचे शेंडे तेवढे तोंडात यायचे. वाळलं गवत तो काट्यावर तोलायचा, तासभर पाण्यात बुडवून त्यातली साखर उतरवायचा, आणि ते तांबूस पाणी गटारात ओतायचा. दर रविवारी सकाळी पुढच्या पायांच्या मागून छातीभोवती फीत धरायची. घोड्यांच्या फितीवर इंचांऐवजी किलोच छापलेले असतात. आकडा तो खडूने दारावर लिहायचा.

आकडा उतरत गेला. चारशे ऐंशी, चारशे बहात्तर, चारशे पासष्ट. मोतद्दाराने स्वतःची पाठ थोपटून घेतली. बिचारीने एवढं सोसलं, म्हणून तो संध्याकाळी अर्धा तास मुसकं काढू लागला. अर्ध्याचा एक तास कधी झाला, ते त्यालाही कळलं नाही.

एका रविवारी बायको चहा घेऊन खाली आली. लोणी एका पायावरचा भार दुसऱ्यावर, दुसऱ्यावरचा पहिल्यावर करत होती.

"हिला काय झालंय?"

"माश्या बसत असतील," मोतद्दार म्हणाला, आणि फीत ओढून आकडा बघायला वाकला. "चारशे एकोणसाठ!"

बायकोने कप कठड्यावर ठेवला. "अहो, थांबा. सोडू नका फीत." तिने फितीखाली बोट घालून पाहिलं. बोट शिरेना. फीत केसांत रुतून बसली होती.

"फितीखाली दोन बोटं फिरली पाहिजेत. माझ्याकडे येणारी गिऱ्हाइकं माप देताना पोट आत घेतात, ते मी तीस वर्षं बघतेय. पण दुसऱ्याचं पोट आत घेणारा माणूस आज पाहिला."

तिने फीत सैल करून स्वतः धरली. दोन बोटं फिरवली, घोडीचा श्वास खाली जाऊ दिला. आकडा तिने मोठ्याने वाचला नाही, नुसतं बोट ठेवलं. चारशे सत्त्याण्णव.

मोतद्दाराने लबाडी केली नव्हती, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. त्याला आकडा उतरायला हवा होता, आणि हाताला ते ठाऊक होतं. दर रविवारी हात चिमूटभर जास्त ओढत होता. तो खाली बसला. लोणीच्या पुढच्या खुरावर त्याने तळवा ठेवला, मग दुसऱ्या खुरावर. दोन्ही गरम होते.

"तास तास मोकळी सोडत होतो मी तिला," तो म्हणाला. "जा, डॉक्टरीणबाईंना फोन कर."

डॉक्टरीणबाईंच्या हातात औषधाचीच पेटी आहे, हे दिसल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने सगळं आपण होऊन सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्यामुळे त्याला जास्तच लागलं. "आठवडाभराने बोलावलं असतं तर हातात काही उरलं नसतं," एवढंच त्या म्हणाल्या.

लोणी ठाणावर बांधली गेली. पायांखाली वीतभर भुसा, आणि हिरव्या गवताची काडीसुद्धा नाही. फीत आता बायको धरी. मोतद्दार दोर धरून भिंतीकडे तोंड करून उभा राही. ही अटही तिचीच.

सुरुवातीला त्याची पावलं जिन्यावर वाजली की लोणी खिंकाळायची. भुकेची हाक त्याला बरोबर कळायची. तो भिजवलेलं, बेचव गवत पुढे टाकायचा आणि बाहेर येऊन नुसताच झाडत बसायचा. अंगण इतकं स्वच्छ कधी नव्हतं. पुढे तिने हाक मारणं सोडलं. तो आला की कान मागे पाडून पाठ करायची. एकदा पाय मोकळे करायला बाहेर काढायचं म्हणून मुसकं चढवताना तिने त्याच्या दंडाला दात लावले. बायकोकडे मात्र ती स्वतःहून मान लांबवत यायची. चाळीस वर्षांत कुठल्या जनावराने मोतद्दाराकडे पाठ केली नव्हती. बायकोने दंडाला हळद लावली तेव्हा त्याचे डोळे भरून आले. झोंबतंय, असं तो म्हणाला.

हंगाम सरता सरता डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी चिमट्याने चारही खूर दाबून पाहिले. लोणीने पाय ओढला नाही. बायकोने दोन बोटं फिरवून माप घेतलं, "चारशे एकेचाळीस."

मुसकं घालून कुरणात सोडायला आता हरकत नाही, असं सांगून डॉक्टरीणबाई गेल्यावर मोतद्दार मुसकं घेऊन पुढे झाला. लोणीने त्याच्याकडे ढुंगण केलं.

"रुसलीय तुमच्यावर," बायको म्हणाली. "ही काही आता माफ करत नाही."

मोतद्दाराने तिच्या पायांकडे पाहिलं. चारही खूर भुशात सारखेच रुतले होते.

"सरदार माझ्यावर जीव टाकत गेला," तो म्हणाला. "ही रुसून का होईना, उभी आहे. रुसू दे."

बाहेर आल्यावर त्याचा हात सवयीने खिशात गेला. खिशात गाजर होतं. चाळीस वर्षांत तो खिसा रिकामा कसा तो नव्हताच. तो पार अंगणाच्या टोकापर्यंत चालत गेला, तिला आवाज जाणार नाही इतका लांब, आणि ते गाजर त्याने उभ्या उभ्या एकट्याने खाल्लं.