आत्याच्या नाकावरची मोहरी

तुमच्या घरात नाक कोणाचं कोणावर गेलंय, हे तुम्हाला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. पण तुमचे पणजोबा कशाने गेले, हे सांगता येईल का?

आम्हाला सांगता आलं नाही. म्हणून विमलआत्या इतक्या लवकर गेली, असं मी म्हटलं तर नातेवाइकांना राग येईल. येऊ दे. महिना उलटून गेला त्या सकाळीला. आत्याची मुलगी रोहिणी फोनवर एवढंच म्हणाली, "ताई, आई गेली." तिच्या मागे त्यांच्या मखमलाबादच्या मळ्यातली मोटर ऐकू येत होती, झेंडूला पाणी सोडलेलं होतं. आत्या असती तर म्हणाली असती, रडायचं ते रड, पण आधी मोटर बंद कर.

आमच्या घराण्याची एक खूण आहे. पंचविशी ओलांडली की नाकावर, गालांवर बारीक, पांढुरके, कडक दाणे येतात. दुखत नाहीत, खाजत नाहीत. आम्ही त्यांना मोहरी म्हणतो. दुसऱ्या घरात पोरीच्या तोंडावर असलं काही आलं तर लेपांची धावपळ सुरू होते. आमच्याकडे शिरा व्हायचा! ज्याच्या नाकावर मोहरी दिसली तो पक्का घरचा झाला, म्हणून. तो शिरा आत्याच करायची, तिच्या काळ्या लोखंडी कढईत, आणि खाणाऱ्याला चिडवायची, "आता कुठं बी हरव, नाकावरून सापडशील." मला मोहरी आली तेव्हा मीही तो शिरा ऐटीत खाल्ला होता.

दमाचं मात्र कोणी नाव काढत नसे. घरात कोणाच्या ना कोणाच्या छातीत अचानक कळ यायची, धाप लागायची. मोठी माणसं म्हणायची, फवारणीचा त्रास. माझे बाबा सातपूरच्या कारखान्यात, कामगार संघटनेतले. मी त्यांच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून अक्षरं शिकले. आत्याचं फुप्फुस पहिल्यांदा मिटलं, छातीत नळी घालावी लागली, तेव्हा बाबांनी कीटकनाशकांविरुद्ध खणखणीत पत्रक लिहिलं. आत्याने ते दवाखान्यातल्या कॉटवर शांतपणे वाचलं. म्हणाली, "औषधं वाईटच हायेत, भाऊ. छाप तू. पण शेजारचे बी तेच फवारतात, त्यांना का नाय होत?" बाबांनी पत्रक छापलं. 

आत्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं ते फुप्फुस दुसऱ्यांदा मिटलं तेव्हा. छातीची तपासणी करणारी तरुण डॉक्टर स्टेथोस्कोप बाजूला ठेवून आत्याच्या नाकाकडेच बघत राहिली. हे दाणे कधीपासून, असं तिने विचारलं. आत्या खुशीत आली, तिच्या आजोबांपासून, म्हणजे माझ्या पणजोबांपासून, सगळ्यांच्या मोहरीचं कौतुक सांगू लागली. डॉक्टरने ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि आजोबा कशाने गेले?" ते घरात कोणी कधी विचारलंच नव्हतं. पुढे तपासण्यांतून कळलं ते असं, की आमच्या घराण्यात एका जनुकात बदल आहे. चेहऱ्यावर दाणे आणतो तोच, फुप्फुसात हवेच्या पोकळ्या करतो तोच. त्यातली एखादी फुटली की हवा छातीत शिरते आणि फुप्फुस मिटतं. तोच कधी कधी किडनीत गाठही वाढवतो. बदल आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो, पण प्रत्येक लेकरात येतोच असं नाही. गाठ वेळेवर सापडली तर काढता येते. आत्याची पसरलेली होती.

म्हणजे आम्ही पिढ्यान् पिढ्या धोक्याच्या खुणेला शिरा खाऊ घालत होतो.

या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आत्या माहेरी आली. खूप वाळली होती. आखाजीला आमच्याकडे पाण्याची घागर पुजून, गेलेल्यांची नावं घेतात. थोरले काका एकेक नाव घेत होते. तिसऱ्या नावाला आत्या म्हणाली, "थांब. हे कशानं गेले?" काकांनी पुढचं नाव घेतलं. तिने परत तेच विचारलं. काका वैतागले. घरात लग्नाच्या पोरी आहेत, रोहिणीचं जमत आलंय, ही चर्चा बाहेर गेली तर कोण दारात उभं राहील, असं बरंच बोलले. मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्याने माझा हात दाबला.

"लग्न मोडलं तर दुसरं जमंल, दादा. पोरगी गेली तर दुसरी कुठून आणू?"

कोपऱ्यातून माझी म्हातारी आजी आत्याला म्हणाली, "तुझा आजा दम लागूनच गेला. रातीतून गेला." त्यानंतर एकामागून एक आठवणी निघत गेल्या. त्या दुपारी जेवणं फार उशिरा झाली.

आत्याने नियम बदलून टाकला. आधी स्कॅन, मग शिरा. जायच्या आधी तिने आमच्यापैकी बहुतेकांना त्या डॉक्टरकडे पाठवलं, काकांनाही. त्यांच्या किडनीत बारकी गाठ सापडली, ती काढली, आता ते पहाटे फुलबाजारात जाऊन हुज्जत घालतात. माझ्या फुप्फुसांत पोकळ्या आहेत, किडन्या स्वच्छ आहेत. छातीत कळ आली तर काय करायचं ते मला माहीत आहे आणि दरवर्षी तपासायचं आहे. बस्स, एवढंच. रोहिणीत तो बदल आलेलाच नाही. तिने सासरी सगळं आधीच सांगितलं होतं. लग्न ठरलं ते ठरलंच.

ती कढई आता माझ्याकडे आहे. परवा रोहिणी आली, आम्ही दोघींनी शिरा केला. एक घास मोहरीवालीला, एक बिनमोहरीवालीला. जरा करपला. आत्याने टोमणा मारला असता.

पितृपक्ष जवळ आलाय. तुमच्याकडे पान वाढायचा जो दिवस असेल, त्या दिवशी नाव घेतल्यावर क्षणभर थांबा. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, हे कशाने गेले? टाळाटाळ झाली तर परत विचारा. आणि जे कळेल ते आपल्या डॉक्टरला सांगा.